पेनेदूचा डॉट

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणीतरी रिटायर झालेले काका नोकरीतल्या आठवणी लिहितात. एकदा रेल्वे, एकदा इन्कम टॅक्स, एकदा टपाल. या वर्षी काका मिळाले नाहीत बहुतेक, कारण संपादक कुलकर्णी काकूंचा मला फोन. ‘‘गौरी, तू लिही ना गं.’’ मी म्हटलं, काकू, मला रिटायर व्हायला अजून तीस वर्षं आहेत! तर म्हणाल्या, ‘‘पण तुझी ती टीम बंद झाली ना? मग झालं. एक नोकरी पूर्ण झाली की आठवणी लिहिता येतात.’’

बिल्कुल बरोबर आहे यार. तर लिहिते. पण आधीच सांगते, माझ्याकडे ना मंत्र्यांचे किस्से आहेत ना बदल्यांचे. माझ्याकडे एक तालुका आहे, तोही पोर्तुगालमधला, आणि तिथे मी आजपर्यंत पाय ठेवलेला नाही.

काम काय होतं ते सांगते. परदेशात हल्ली गाडीत एक मशीन बसवतात, ‘पुढे डावीकडे वळा’ वगैरे बाई बोलते त्यात. ती बाई बोलते कशावरून, तर नकाशावरून. आणि तो नकाशा बसून बनवतं कोण, तर गुडगावातल्या एका काचेच्या बिल्डिंगमधली पन्नासेक पोरंपोरी. बिल्डिंगच्या पुढे फवारा, मागे म्हशी. आमच्या टीमचं काम रस्त्यांचं नव्हतं, डॉटचं होतं. नकाशावर प्रत्येक गावाचा एक डॉट असतो ना, तो बरोबर जागी आहे का, गावाचं नाव नीट लिहिलंय का, आणि डॉटवर क्लिक केलं की दिसायची ती चार ओळींची माहिती, इतिहास भूगोल, ती लिहायची. देश वाटून दिलेले. मला पोर्तुगाल, कारण मी पोर्तुगीजमध्ये एम.ए. केलंय. (का केलंय, हे घरी आजही कोणाला समजलेलं नाही. त्यासाठी दिल्लीतच, युनिव्हर्सिटीजवळ मुनिरक्यात रूम घेऊन राहिले होते, आर. के. पुरमला आमचं सरकारी क्वार्टर समोर दिसत असताना, हेही समजलेलं नाही.)

पोर्तुगालचे तालुके तीनशेच्या वर. मी त्याला तालुकाच म्हणते, त्यांचा शब्द वेगळा आहे पण प्रकार तोच. एक मुख्य गाव, तिथे नगरपालिकेचं ऑफिस, आणि त्याच्या हाताखाली पाच-पंचवीस गावं. माहिती लिहून झाली की आम्ही त्या त्या ऑफिसला मेल टाकायचो, बघून घ्या, चूक असेल तर कळवा. बहुतेक ठिकाणांहून उत्तर यायचंच नाही. कधी कधी भलतंच यायचं. एका महापौराने तर आमच्या भाटिया सरांना थेट फोन लावला होता, की शेजारच्या तालुक्याच्या माहितीत तुम्ही चीजचा उल्लेख केलात, ते चीज आमचं आहे! भाटिया सर आमचे टीम लीडर, पक्के दिल्लीचे, पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही. ते शांतपणे ‘यस सर, यस सर’ करत राहिले आणि फोन ठेवून मला म्हणाले, ‘‘गौरी बेटा, ये पनीर का क्या चक्कर है?’’

तर असे तालुके करत करत मी सोतेलूला पोचले.

सोतेलू पोर्तुगालच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे, स्पेनच्या सीमेला टेकून. इतका लहान तालुका की बाकीच्या पोर्तुगीजांनाही माहीत नसतो. मी त्याच्यावर अडीच पानं लिहिली होती! क्लाएंटने कापून दोन ओळी केल्या. ‘डोंगराळ प्रदेश. मुख्य उत्पन्न चेस्टनट.’ बस. म्हणून आता थोडं तुम्हालाच ऐकवते, कुठेतरी छापून येऊ दे.

वर सपाट माथा आहे, सगळा काळाकरडा ग्रॅनाइट. घरं त्याचीच, कुंपणं त्याचीच, देवळं त्याचीच. माथ्यावर राय नावाचं धान्य पिकतं, आपल्या नाचणीसारखं गरीब धान्य, कशाही जमिनीत येतं. उतारावर चेस्टनटची, म्हणजे भाजून खायच्या एका फळाची झाडं, तीन-तीन माणसांच्या मिठीत न मावणारी. आणि अगदी खाली नदीकाठी, जिथे ऊब असते, तिथे द्राक्षं. म्हणजे एकाच तालुक्यात वरून खाली चालत गेलात तर तीन हवा लागतात. तिकडचे लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘म्हणजे दिल्लीच्या उलटं.’’

इतिहास असा, की जुन्या काळी सीमेवर राहायला कोणी तयार नव्हतं. मग राजाने सनद दिली, या, इथे राहा, कर कमी घेतो, फक्त पलीकडून कोणी आलं तर लढा. लोक आले. पलीकडूनही आले, गाव जाळून गेले. पुन्हा बांधलं. असं बऱ्याचदा. नंतर लढाया संपल्या आणि त्याच सीमेवर स्मगलिंग सुरू झालं. कशाचं, तर कॉफीचं! पोर्तुगालमध्ये कॉफी स्वस्त, स्पेनमध्ये महाग, बायका स्कर्टच्या आत पिशव्या शिवून नदी ओलांडायच्या. मग हुकूमशाहीच्या दिवसांत गरिबी इतकी वाढली की माणसंच स्मगल व्हायला लागली. फ्रान्सला. डोंगर चढून, पायी. जाताना आपला फोटो मधोमध फाडायचा, अर्धा घरी ठेवायचा, अर्धा खिशात. पोचलो की खिशातला अर्धा घरी पाठवायचा. दोन अर्धे जुळले की घरच्यांना समजायचं, माणूस जिवंत पोचला. मी हे वाचलं ना, तेव्हा ऑफिसात माझ्यासमोर समोसा होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर सोतेलू रिकामं होत गेलं. आणि इथूनच माझा किस्सा सुरू होतो.

सोतेलू तालुक्यात एक वस्ती आहे, पेनेदू. नदीकडच्या घळीत, थोडीशी घरं. नव्या जनगणनेत तिच्यापुढे शून्य आलं. आमचा नियम साधा होता, लोकसंख्या शून्य तर डॉट काढा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, आठवड्यात असे एकदोन डॉट जायचेच. पण त्या वेळी ऑफिसला मेल टाकायची पद्धत होती म्हणून मी टाकला: पेनेदू आता निर्जन आहे, नकाशातून काढत आहोत, कृपया खात्री करा.

दुसऱ्याच दिवशी उत्तर! तेही इतकं लांब की मला दोनदा चहा घ्यावा लागला. लिहिणारे सेन्योर आर्मिंदू, तिथल्या ऑफिसात संस्कृती आणि वाचनालय बघणारे एकुलते एक गृहस्थ, आणि जन्माने पेनेदूचे. ‘मेनिना गौरी,’ अशी सुरुवात. मेनिना म्हणजे पोरी, पण आदराने.

त्यांनी लिहिलं होतं की मेनिना, तुम्ही म्हणता ते खरं आहे, हिवाळ्यात पेनेदूत कोणी झोपत नाही. शेवटच्या म्हातारीला, तिया (म्हणजे मावशी) ओदेतला, आम्ही इकडे मुख्य गावात आणलं. पण तिथे एक भट्टी आहे. गावाची. पूर्वी घरोघरी भट्टी नव्हती, सगळ्यांची मिळून एक, पाव तिथेच भाजायचा. आता थंड पडलेली भट्टी पहिल्यांदा तापवायची म्हणजे भरपूर लाकूड जळतं, आणि नंतर येणाऱ्यांना ती आयती गरम मिळते. म्हणून पहिल्यांदा कोणी तापवायची याची पाळी असते. एका घरानंतर दुसरं घर, ठरलेली. ज्याची पाळी त्यानेच लाकूड आणायचं आणि त्यानेच पेटवायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आता वर्षातून एकदाच पेटते, ऑगस्टमध्ये, देवीच्या जत्रेला. फ्रान्सहून सगळे येतात. आजपर्यंत एकदाही पाळी चुकलेली नाही.

आणि येत्या ऑगस्टला पाळी होती आदेलिनू नावाच्या म्हाताऱ्यांच्या घराची. ते फ्रान्समध्ये असायचे, मागच्याच हिवाळ्यात वारले. मुलगा नाही, मुलगी आजारी. राहिली नात, सांद्रीन. तिने फोनवर हो म्हटलंय, लाकूड घेऊन येते म्हणून. पण ती लहानपणी मागच्या सीटवर झोपून आलेली, रस्ता तिला माहीत नाही. म्हणते, काळजी करू नका, मी गाडीत मशीन बसवलंय.

शेवटची ओळ होती, ‘मेनिना, त्या मशीनमध्ये पेनेदू नसेल तर भट्टी पेटणार नाही. आणि एकदा पाळी मोडली की लोक पुढच्या वर्षी कशाला येतील?’

मी तो मेल तसाच इंग्रजी करून भाटिया सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, ‘‘बेटा, बहुत अच्छी कहानी है. पर जीरो मतलब जीरो. क्लाएंट को क्या बोलूं, साल में एक बार ब्रेड बनता है?’’

‘‘हां सर, तेच सांगा.’’

‘‘तू अपना इमोशन रख, मुझे लॉजिक दे.’’

आता लॉजिक मला कुठून मिळालं ते ऐका. आमची ऑफिसची कॅब चालवायचे सतबीर भैया. तिथलेच, हरियाणवी. त्यांच्या गावाची जमीन सेक्टरमध्ये गेली, गाव उरलं मधल्या मध्ये, चार बाजूंनी उंच बिल्डिंगा. गुडगावात तेव्हा रोज नवीन रस्ता निघायचा आणि जुना बंद व्हायचा, कंपनीने ड्रायव्हरांना नकाशे छापून दिले होते, आमच्याच कंपनीने हां, जी जगाला नकाशे विकते! सतबीर भैया त्या नकाशावर पराठे ठेवून खायचे. त्या संध्याकाळी नवीन मुलीचं घर सापडत नव्हतं. मी म्हटलं, भैया, नकाशा बघू या का? तर खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, ‘‘मैडम जी, नक्शा तो उसके लिए है जिसे पूछने को कोई ना मिले.’’ आणि पानवाल्याला विचारून दोन मिनिटांत घर काढलं.

मी मागच्या सीटवर उडालेच! दुसऱ्या दिवशी भाटिया सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ‘‘सर, लाजपत नगरला तुमच्या घरी यायचं तर नकाशा लागतो?’’

‘‘नहीं. किसी से भी पूछ लो.’’

‘‘करेक्ट. जिथे माणसं आहेत तिथे डॉट नसला तरी चालतं, सर. विचारता येतं. पेनेदूत विचारायला कोणी नाही. म्हणून तिथे डॉट पाहिजे. आपला नियमच उलटा आहे.’’

सर बराच वेळ पेन टकटक करत बसले. मग म्हणाले, ‘‘ये मैं क्लाएंट को अपने नाम से बोलूंगा.’’ बोलले. आणि क्लाएंट मानला! अट एवढीच, डॉट अंदाजे नको, वस्तीच्या बरोबर मध्यावर टाका आणि ठराविक तारखेच्या आत टाका, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी तो मशीनमध्ये जाईल.

आता पेनेदूचा मध्य कुठे? आमच्याकडे सॅटेलाइटचा फोटो होता, त्यात त्या घळीवर नेमकी सावली. घरं दिसतच नव्हती. दुसरी होती मिलिटरीच्या नकाशाची जुनी शीट, तिच्यावर ‘पेनेदू’ हे नाव इतकं ऐसपैस लिहिलेलं की ‘पे’ नदीच्या अलीकडे आणि ‘दू’ टेकडीच्या पलीकडे. आर्मिंदूंना मेल टाकला तर त्यांचं ऑफिस ईस्टरसाठी बंद. तारीख जवळ आलेली. मी शीटची प्रिंट घरी घेऊन आले.

आमचे बाबा पाण्याच्या खात्यात ड्राफ्ट्समन होते. सगळी नोकरी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली, ट्रेसिंग पेपरवर, शाईने. घरात कोणीही कागद उलगडला की ते चष्मा शोधायला लागतात. प्रिंट बघितली, आणि नखाने टेकडीवरच्या एका छोट्या क्रॉसवर टिचकी मारली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘चॅपल. देऊळ त्यांचं. देवीचं.’’

‘‘मग झालं की. गावाचा मध्य म्हणजे देऊळ. त्यात विचारायचं काय?’’

‘‘बाबा, नक्की?’’

‘‘अगं, मी आयुष्यभर गावं काढली. आधी देऊळ काढायचं, मग त्याच्याभोवती घरं. धुळे जिल्ह्यात असो नाहीतर ओरिसात. देव काय गावाबाहेर ठेवतात?’’

मलाही ते इतकं पटलं! आमच्या गावचंही तसंच आहे, आधी मारुती, मग सगळं. मी डॉट देवळावर टाकला, सेव्ह केला, आर्मिंदूंना कळवलं की काम झालं. त्यांनी आभाराचा मेल पाठवला, त्यात आनंदाने कितीतरी उद्गारचिन्हं. माझा नंबरही मागून घेतला, म्हणाले, जत्रेच्या दिवशी फोन करून पावाचा वास ऐकवीन.

ऑगस्ट आला. जत्रेच्या दिवशी मी मुद्दाम लवकर जेवून ऑफिसात फोनपाशी बसले होते. दुपार उलटली, म्हणजे तिकडे सकाळ. फोन वाजला. मी उचलून जोरात ‘सेन्योर आर्मिंदू!’ म्हटलं, तर पलीकडे एक मुलगी, फ्रेंच धाटणीचं मोडकं पोर्तुगीज, रडकुंडीला आलेली.

‘‘तुम्ही नकाशावाल्या का? इंडियातल्या? मी सांद्रीन.’’

झालं असं होतं की मशीनने तिला नेऊन टेकडीवर सोडलं आणि ‘तुम्ही पोचलात’ म्हणून गप्प झालं. समोर एक बंद चॅपल आणि खडक. बाकी काही नाही. आर्मिंदू खाली पेनेदूत, घळीत फोनला रेंज नाही. म्हणून तिने तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला. तिथे सुट्टीमुळे एकच नवा माणूस, बाहेरगावचा, त्याला काही माहीत नाही. पण आर्मिंदूंच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवलेली, ‘नकाशावाली मुलगी, इंडिया’, आणि माझा नंबर. त्याने तो दिला.

‘‘माझ्या गाडीत लाकूड आहे,’’ सांद्रीन म्हणाली. ‘‘सगळे खाली वाट बघत असतील. कोणी दुसऱ्याने पेटवली तर? आजोबांची पाळी आहे.’’

पेनेदूची देवी गावात नव्हती! देवीला त्यांनी उंचावर ठेवलेलं, चौफेर बघायला, आणि स्वतः खाली वाऱ्यापासून लपून घळीत राहिलेले. शीट उघडली. ‘‘सांद्रीन, परत खाली ये, फाट्यावर दगडी क्रॉस असेल, तिथून डावीकडे.’’

‘‘दोन क्रॉस होते. दोन्हीकडे डावीकडे रस्ता होता. एकावर मी गेले तर पुढे कडा आला.’’

आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘‘किसी से पूछ लो ना यार!’’ चक्क हिंदीत. मग पोर्तुगीजमध्ये म्हटलं, ‘‘कोणाला तरी विचार.’’

ती म्हणाली, ‘‘इथे कोणी नाहीये.’’

ते वाक्य मला फार लागलं. हेच वाक्य मीच तर भाटिया सरांना ऐटीत सांगितलं होतं.

भाटिया सर एव्हाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. सगळी टीम जमलेली, टर्कीवाला, पोलंडवाली, सगळे. मी विचारलं, ‘‘तुला तिथे काय काय दिसतंय?’’

‘‘दगड. एक फुलांचा हार, ताजा. दार बंद. वर घंटा आहे, दोरी लोंबतेय.’’

आणि मी, यार, मी विचारच केला नाही. आपण देवळात गेलो की पहिलं काय करतो? ‘‘मग घंटा वाजव ना! खाली ऐकू जाईल, कोणीतरी बघायला येईल.’’

तिने वाजवली. मला गुडगावात ऐकू आली, खोटं नाही सांगत. ठण ठण ठण ठण, चांगला दम लावून वाजवत होती. मग थांबली आणि म्हणाली, ‘‘लोक येतायत.’’ आमच्याकडे टाळ्या! मग म्हणाली, ‘‘खूप लोक येतायत.’’ मग, ‘‘पळत येतायत. त्यांच्या हातात बादल्या आहेत. फावडी पण आहेत. ते ओरडतायत.’’

आणि फोन कट.

भाटिया सर हळूच म्हणाले, ‘‘मारेंगे तो नहीं उसको?’’

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. परत परत फोन लावला, लागेना. शेवटी कॅबची वेळ झाली, सतबीर भैया खाली हॉर्न देत होते, मी त्यांना म्हटलं, थांबा. ते वर आले, काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मैडम जी, गर्मी में घंटी बजाओगे तो गांव तो दौड़ेगा ही. आग लगी होगी समझ के.’’

अगदी तेच होतं. ऑगस्टमध्ये तिकडे डोंगर पेटतात, आणि देवळाची घंटा अशी ठणठण वाजली की त्याचा एकच अर्थ, वणवा लागलाय, मिळेल ते घेऊन धावा. जत्रेला जमलेलं अख्खं पेनेदू, फ्रान्सहून आलेले, नवे कपडे घातलेले, पोरंबाळं, सगळे बादल्या घेऊन टेकडी चढून वर. वर काय, तर एक घाबरलेली मुलगी आणि डिकीत लाकूड.

हे सगळं आर्मिंदूंनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. आधी रागावले. लिहिलं, मेनिना, ही घंटा चेष्टेने वाजवायची नसते, माझे मामा अशाच एका वणव्यात होरपळले होते. खाली पुढे लिहिलं होतं, की धापा टाकत वर पोचलेल्यांनी आधी तिला शिव्या दिल्या, मग डिकी बघितली. लाकूड बघून एक जण म्हणाला, हे कुठलं? सांद्रीनने ते वाटेत पेट्रोल पंपावरून विकत घेतलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं! लोक इतके हसले की काहींना खाली बसावं लागलं. मग ज्या बादल्या पाण्यासाठी आणल्या होत्या त्यांच्यातच लाकूड भरलं आणि पायवाटेने सगळे मिळून खाली उतरले. भट्टी सांद्रीननेच पेटवली. दोनदा विझली. तिसऱ्यांदा धरली. तोपर्यंत कोणी हात लावला नाही, सगळे हात मागे बांधून उभे होते. आणि मेलमध्ये एक वाक्य असं, ‘कित्येक वर्षांत पेनेदूचे सगळे लोक एकाच वेळी एकाच ठिकाणी धावले नव्हते.’

डॉट मी त्याच दिवशी हलवला. देवळावरून काढला आणि भट्टीवर ठेवला, आर्मिंदूंनी जागा नीट समजावून दिली. बाबांना सांगितलं तर त्यांना पटायला वेळ लागला. ‘‘देव गावाबाहेर?’’ असं दोन दिवस मधूनच म्हणत राहिले. मग तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, ‘‘बरोबर आहे त्यांचं. रोज लागतं ते मध्ये. देव काय, कुठूनही बघतो.’’

गेल्या वर्षी क्लाएंटने डॉटचं काम कॉम्प्युटरवर टाकलं आणि आमची टीम बंद झाली. भाटिया सर आता नोएडात आहेत, मी इंटरप्रिटरचं काम करते. गुडगावपर्यंत मेट्रोचे खांब आलेत. सतबीर भैयांनी स्वतःच्या दोन कॅब घेतल्या, आणि त्यांच्या मशीनमध्ये त्यांचं गाव नुसतं सेक्टर म्हणून येतं. विचारलं, वाईट वाटत नाही का? तर म्हणाले, ‘‘हमारे यहां तो अभी पूछने वाले बहुत हैं.’’ अभी, असं म्हणाले.

आणि या दिवाळीच्या तोंडावर आर्मिंदूंचं पार्सल आलं. आत राय-पाव, यंदाच्या जत्रेतला, इथे पोचेपर्यंत विटेसारखा झालेला. आईने तो कुकरमध्ये वाफवला आणि आम्ही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला, एकदम भारी लागतो हां. सोबत पत्र. यंदा भट्टी वेळेवर पेटली, सांद्रीन पुन्हा आली होती, मशीन न लावता, आणि येताना दोन चुलत भावांना घेऊन आली. जत्रेनंतर भट्टीपाशी बसून पुढच्या पाळ्या ठरतात, तशा ठरल्या. तेव्हा तिया ओदेत, ती सगळ्यात म्हातारी, म्हणाली की एक जुना हिशोब राहिलाय. आमच्यात नियम आहे, आग नसताना घंटा वाजवली तर दंड, एकदा थंड भट्टी आपल्या लाकडाने तापवून द्यायची. सांद्रीन म्हणाली, घंटा मी वाजवली. म्हातारी म्हणाली, तू तर पेटवलीस. जिने वाजवायला सांगितली तिचं काय?

तर मेनिना, असं पत्रात होतं, तुमचं घर पाळीत लावलंय. शेवटचं आहे, पण घरं आता थोडीच उरलीत, नंबर लवकर येईल.

मी हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, काय लोक आहेत बघा, मी एवढा डॉट वाचवला आणि मलाच दंड!

बाबांनी पावाचा शेवटचा तुकडा चटणीत बुडवला. ‘‘वेडी आहेस. पाहुण्याला कोण दंड करतं? दंड गावच्या माणसाला होतो.’’

आणि मग, चष्मा शोधत, ‘‘ती शीट कुठे ठेवलीयस? लाकूड कुठल्या बाजूने न्यायचं ते बघून ठेवू.’’